राउटर कुठे बसवावा, हे गिलाव्याआधीच ठरवा

प्रश्न : बेसा भागात आमच्या घराचे बांधकाम सुरू आहे. प्लॉट ३० बाय ५० फुटांचा असून तळमजला आणि पहिला मजला असे घर आहे. दोन्ही स्लॅब झाले आहेत, विटांच्या भिंती उभ्या आहेत आणि दिवाळीनंतर गिलावा सुरू होईल. इंटरनेटची फायबर लाइन रस्त्यावरच्या खांबावरून घरात येणार आहे. टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात मॉडेम आणि राउटर ठेवावा, म्हणजे वायरी दिसणार नाहीत, असे कंत्राटदाराचे म्हणणे आहे. इलेक्ट्रिशियन मात्र जिन्याखाली डीबीजवळची (घरातील वीजवाटपाच्या पेटीजवळची) जागा सुचवतो. मुलगी मिहानमधील कंपनीत नोकरीला आहे आणि आठवड्यातून तीन दिवस वरच्या मागच्या खोलीतून काम करते. सासूबाई तळमजल्यावर मागच्या खोलीत असतात आणि संध्याकाळी टॅबवर कीर्तन ऐकतात. राउटरची नेमकी जागा कोणती असावी?
— एक वाचक, बेसा, नागपूर

उत्तर : आपण हे गिलाव्याआधी विचारले याचा मला मनापासून आनंद झाला, कारण या विषयावरची बहुतेक पत्रे गृहप्रवेशानंतर येतात आणि तेव्हा नव्या रंगाच्या भिंतीवरून वायर नेण्याची कुणाचीच तयारी नसते.

प्रथम एक गोष्ट सुटी करून घेऊ. आपण ज्याला मॉडेम म्हणतो, त्या डब्याला तंत्रज्ञ ओएनटी म्हणतात. काचेच्या तंतूतून येणाऱ्या प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करणे हे त्याचे काम. ते संकेत घरातील मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही यांना वाटून देणे हे राउटरचे काम. हल्ली ही दोन्ही कामे एकाच डब्यात होतात, त्यामुळे लाइन जिथे संपते तिथेच वाय-फायही सुरू झाले पाहिजे, असा समज झाला आहे. तसे बंधन मुळीच नाही. ओएनटी एका जागी आणि वाय-फाय दुसऱ्या जागी असू शकते. मधे फक्त एक लॅन केबल लागते, आणि तिच्यासाठी भिंतीत पाइप टाकण्याची वेळ आत्ताच आहे.

कंत्राटदाराने सुचवलेली जागा कृपया स्वीकारू नका. टीव्हीच्या मागचा पत्रा लहरी अडवतो हे एक कारण झाले, पण नागपुरात त्याहून मोठे कारण उन्हाचे आहे. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकावर बहुधा ० ते ४० अंश सेल्सिअस एवढीच तापमानाची मर्यादा छापलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या आसपास असतो. बंद कप्प्यात सेट-टॉप बॉक्स आणि राउटर शेजारीशेजारी चोवीस तास चालू राहिले, तर आतली हवा खोलीपेक्षा नेहमीच गरम राहणार. माझ्या घरी काही वर्षांपूर्वी हीच चूक झाली होती. दुपारी दोन-अडीचच्या सुमारास नेट बंद पडे आणि काही मिनिटांनी आपोआप सुरू होई. एकदा कप्पा उघडून राउटरवर तळवा ठेवला, तर तो पळभरही ठेवता आला नाही. राउटर उघड्या फळीवर आणला आणि तक्रार त्याच दिवशी थांबली.

इलेक्ट्रिशियनचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. जिन्याखालची जागा ओएनटीसाठी चांगली आहे. इन्व्हर्टरही बहुधा तिथेच येईल, म्हणजे इन्व्हर्टरच्या लाइनवर दोन प्लग पॉइंट घेतले की वीज गेली तरी नेट चालू राहील. ओएनटी डीबीच्या पेटीत मात्र ठेवू नये. दोन-तीन फूट दूर, हवा खेळेल अशा जाळीच्या दाराच्या छोट्या कपाटात तो ठेवावा. वाय-फायसाठी मात्र जिन्याखालची जागा चुकीची आहे, कारण डोक्यावर जिन्याचा लोखंडी सळ्यांचा स्लॅब, बाजूला भिंती आणि समोर बहुधा इन्व्हर्टरची बॅटरी, अशा खोबणीतून लहरी बाहेर पडणार कशा?

आपल्या घरातील सर्वांत अवघड वाट कोणती, ते आता पाहू. तळमजल्यावरच्या समोरच्या कोपऱ्यातून वरच्या मागच्या खोलीत जायचे, तर लहरींना सळ्यांची जाळी असलेला स्लॅब आणि दोन-तीन भिंती ओलांडाव्या लागतात, आणि त्याही तिरप्या. नऊ इंचांची भिंत ४५ अंशांच्या कोनात ओलांडायची, तर साडेबारा इंचांहून अधिक विटा आड येतात. वाय-फाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ या दोन पट्ट्यांवर चालते. २.४ ची लहर लांब पल्ल्याची आणि भिंतीतून बऱ्यापैकी पार जाणारी, पण वेगाला कमी. ५ ची वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकणारी. त्यामुळे टीव्ही युनिटमधल्या राउटरवरून मुलीला वर नेट मिळालेच, तर ते रखडतच मिळेल आणि नेमके मीटिंगच्या वेळी तुटेल.

माझी सूचना अशी. तळमजल्यावर घराच्या मध्यभागी, खोल्यांची दारे जिथे उघडतात त्या पॅसेजमध्ये, जमिनीपासून सहा-साडेसहा फुटांवर एक वाय-फायचा पॉइंट, म्हणजे राउटरसारखे लहरी सोडणारे यंत्र बसवण्याची जागा, घ्यावा. दुसरा पॉइंट पहिल्या मजल्यावर जिना संपतो त्या लॉबीत त्याच उंचीवर घ्यावा. जिन्याच्या जागी स्लॅबला मोकळा भाग असतो, त्यामुळे दोन्ही पॉइंट तिथल्या मोकळ्या हवेतून एकमेकांना सांभाळून घेतात आणि चढता-उतरताना सुरू असलेला कॉल तुटण्याचा संभव कमी होतो. सासूबाईंच्या खोलीपर्यंत मग एखादीच भिंत उरते. मुलीच्या टेबलाजवळ मात्र थेट लॅन पॉइंट द्यावाच. ज्या कामावर नोकरी अवलंबून आहे, ते तारेवर चालावे, या मताचा मी आहे. बैठकीतील टीव्हीमागेही एक लॅन पॉइंट द्यावा. चित्रपटांचा सगळा भार तारेवर गेला की वाय-फाय इतरांसाठी मोकळे राहते.

पाइपांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ते एकदा गिलाव्याखाली गेले की त्यांना हात लावता येत नाही. जिन्याखालच्या कपाटातून वरील चारही ठिकाणी स्वतंत्र पाइप जावा आणि आणखी एक पाइप खांबाच्या बाजूने बाहेर निघावा. पाइप २५ मिलिमीटरचा घ्यावा. विजेच्या वायरी आणि लॅन केबल एकाच पाइपात कधीही टाकू नयेत. पाइप काटकोनात वळवण्याऐवजी लांब वळण द्यायला सांगावे, कारण तीव्र वळणात फायबरमधला प्रकाश गळतो आणि केबल ओढतानाही अडकते. जास्तीचा फायबर गुंडाळायचा झाल्यास त्याचे वेटोळे चहाच्या बशीपेक्षा लहान नसावे. प्रत्येक पाइपात नायलॉनची दोरी ओवून ठेवावी, म्हणजे पुढे केबल बदलताना भिंत फोडावी लागणार नाही. केबल कॅट-६ घ्यावी आणि ती शुद्ध तांब्याची आहे ना, हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे, कारण ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबलही बाजारात मिळते. चांगल्या कॅट-६ वरून १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिटचा वेग विनासायास मिळतो. आपले घर त्या मानाने फारच लहान आहे.

आता कूलरविषयी. आपल्याकडे मार्चअखेर खिडक्यांना कूलर लागतात. पत्र्याचे अंग, टाकीत भरलेले पाणी आणि ओले वाळे किंवा लाकडी भुशाच्या ताट्या, या तिन्हींनी मिळून लहरींपुढे एक चांगली जाड भिंत उभी राहते. डिसेंबरात उत्तम चालणारे वाय-फाय एप्रिलमध्ये अमुक एका कोपऱ्यात मंदावते, ते अनेकदा यामुळे. राउटर आणि कामाचे टेबल यांच्या सरळ रेषेत कूलर येणार नाही, असे पाहावे. कूलरचा दमट झोतही राउटरवर येऊ देऊ नये. लोखंडी कपाट, फ्रीज आणि मोठा आरसा यांनाही हाच नियम लागू. मायक्रोवेव्ह ओव्हन सुमारे २.४५ गिगाहर्ट्‌झवर चालतो, म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीला खेटून राउटर नको.

भिंतीत खिळा ठोकण्यापूर्वी एक दिवस राउटर स्टुलावर ठेवून पाहावा. एक्स्टेन्शन बोर्ड घ्यावा, सगळी दारे लावावीत आणि मोबाइलवर वाय-फायची ताकद दाखवणारे एखादे ॲप घेऊन प्रत्येक खोलीत फिरावे. ते ॲप डीबीएम या ताकदीच्या एककात उणे आकडा दाखवते; तो शून्याच्या जितका जवळ, तितकी ताकद जास्त. उणे ५० च्या आसपास उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुखरूप, आणि उणे ७५ च्या पलीकडे गेल्यास जागा बदलावी. राउटरला काडीसारख्या अँटेना असतील, तर त्या उभ्या असताना लहरी मुख्यतः आडव्या दिशेने पसरतात. वरच्या मजल्याकडे लहर हवी असल्यास एखादी अँटेना आडवी करून पाहावी.

प्रश्न : आम्ही मनीषनगरात भाड्याच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये नुकतेच राहायला आलो. जोडणी करणाऱ्या मुलाने राउटर मुख्य दाराजवळ, चपलांच्या रॅकवर बसवून दिला. मागच्या बेडरूममध्ये वाय-फाय पोहोचत नाही. घरमालक भिंतीला छिद्र पाडू देत नाहीत. उपाय काय?

उत्तर : भिंतीला हात न लावता राउटर आत आणता येतो. तयार कनेक्टर लावलेली लांब फायबर केबल किंवा चपटी लॅन केबल स्कर्टिंगच्या कडेने चिकट क्लिपांनी न्यावी आणि राउटर दोन्ही बेडरूमच्या दारांमधल्या पॅसेजमध्ये, उंच फळीवर ठेवावा. फायबर स्वतः कापू नये आणि कनेक्टरच्या टोकाला बोट लावू नये, कारण एवढ्याशा मळानेही प्रकाश अडतो. हे जमत नसेल तरच एक्स्टेंडर, म्हणजे राउटरची लहर पकडून पुढे पाठवणारे छोटे यंत्र, घ्यावा. पुष्कळ जण तो वाय-फाय न पोहोचणाऱ्या खोलीतच लावतात, पण जे त्याच्यापर्यंतच पोहोचत नाही ते तो पुढे काय देणार? त्याची जागा राउटर आणि ती खोली यांच्या साधारण मध्यावर, जिथे अजून चांगली ताकद मिळते तिथे असावी. फ्लॅट स्कीममध्ये शेजाऱ्यांचे राउटरही जवळ असतात, म्हणून २.४ गिगाहर्ट्‌झवर १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळा चॅनल निवडावा.

प्रश्न : बाळाच्या पाळण्याशेजारच्या भिंतीवर राउटर बसवला तर किरणोत्सर्गाचा धोका आहे का?

उत्तर : वाय-फायच्या लहरी क्ष-किरणांसारख्या अणूतील इलेक्ट्रॉन उखडणाऱ्या नसतात. वायरलेस नेटवर्कच्या क्षीण लहरींमुळे आरोग्यावर दुष्परिणाम होत असल्याचा खात्रीलायक पुरावा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये म्हटले होते. त्याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात ठेवले, आणि आईच्या मनात शंका येते ती त्यामुळे. त्या शंकेचा मी आदर करतो. अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता चौथाईवर येते, म्हणून राउटर पाळण्यापासून दोन-तीन मीटर दूर, खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये बसवावा. पाळण्यावर वायर लोंबणार नाही, हे मात्र त्याआधी पाहावे.