दुधासारखे पाणी, काळी तार

प्रश्न : घरी कोलॉइडल सिल्व्हर (चांदीचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले पाणी) करण्यासाठी मी चांदीच्या दोन तारा पाण्यात सोडून त्यांना 9 व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या. वीज नीट वाहावी म्हणून नळाच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकले, तर पाणी दुधासारखे झाले. मग बिनमिठाचे ऊर्ध्वपातित पाणी घेतले, तर दोन तासांत ते करडे झाले, एका तारेवर काळा थर चढला आणि दुसरीवर राखाडी केसाळ पुंजके आले. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे उपकरण) 12 दाखवतो. सोनेरी रंग मात्र येत नाही. कुठे चुकते आहे? रोज एक चमचा घ्यावा, असा विचार आहे.

उत्तर : पहिल्या भांड्यातला दोष मिठाचा आहे. धनाग्राच्या, म्हणजे बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या, तारेतून सुटणारे चांदीचे आयन (विद्युतभारित अणू) मिठातल्या क्लोराईडला भेटले, की पाण्यात जेमतेम विरघळणारे सिल्व्हर क्लोराईड तयार होते, आणि तुम्हाला दिसलेले दूध म्हणजे तेच. उजेडात ठेवलेत तर ते हळूहळू जांभळट-काळपट होईल. नळाच्या पाण्यात क्लोराईड मुळातच असते, त्यामुळे मीठ न घालताही तिथे थोडाफार गढूळपणा आला असता.

दुसऱ्या वेळी पाणी योग्य होते, पण विजेला लगाम नव्हता. ऊर्ध्वपातित पाण्यातून सुरुवातीला नगण्य प्रवाह जातो; पण जसजसे आयन वाढतात तसतसे पाणी अधिक वाहक होते, प्रवाह वाढतो, त्यामुळे आणखी चांदी सुटते, आणि शेवटी कण एकमेकांना चिकटून मोठे होतात व पाणी करडे दिसू लागते. तारेला 27 किलोओहमचा रोधक (रेझिस्टर) जोडलात, तर 27 व्होल्टला प्रवाह 1 मिलिॲम्पिअरच्या पुढे जाऊच शकणार नाही. वाहिलेल्या विजेवरून सुटणाऱ्या धातूचे वजन सांगणाऱ्या फॅरेडेच्या नियमानुसार 1 मिलिॲम्पिअर तासभर वाहिला, तर सुमारे 4 मिलिग्रॅम चांदी सुटते, म्हणजे एक लिटर पाण्यात फार तर 4 पीपीएम (दहा लाख भागांत 4 भाग). काळा थर चांदीच्या ऑक्साईडचा आहे आणि केसाळ पुंजके ऋणाग्रावर, म्हणजे ऋण टोकाच्या तारेवर, परत जमलेल्या चांदीचे. पाणी सतत हलके ढवळावे आणि तारा मधूनमधून पुसाव्यात. तारा 92.5 टक्केवाल्या दागिन्यांच्या चांदीच्या असतील, तर उरलेला भाग बहुधा तांब्याचा असतो आणि तोही पाण्यात उतरतो.

सोनेरी रंगाविषयी मात्र गैरसमज आहे. या पद्धतीने सुटणारी चांदी बरीचशी आयनांच्या रूपात असते, आणि आयनांना रंग नसतो. पिवळेपणा काही नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) ते दहा-दहाच्या काही पट नॅनोमीटर आकाराच्या कणांमुळे येतो. ते 400 नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश शोषतात. तुमचा टीडीएस मीटरही मोजतो ती विद्युतवाहकता, आणि त्यावरून क्षारांचा अंदाज बांधतो. कणरूपी चांदी त्याला जवळपास दिसतच नाही, म्हणून त्या 12 वरून चांदी किती आहे हे ठरवू नका. अंधाऱ्या खोलीत लेझरचा किरण पाण्यातून सोडून पाहा : किरणाची रेघ उमटली तर कण आहेत. त्याच पाण्याचा थोडा भाग वेगळा काढून त्यात मिठाचा कण टाका. पांढरे झाले, तर तेवढी चांदी आयनरूपात होती.

आता चमच्याचा प्रश्न, आणि इथे माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. जे मिठाने तुमच्या भांड्यात घडले, तेच जठरातले हायड्रोक्लोरिक आम्ल पोटात घडवते : बरीच चांदी जेमतेम विरघळणारे क्लोराईड बनते. तरीही काही चांदी शोषली जाते आणि त्वचेत साठत जाते. त्यातून त्वचा कायमची निळसर-राखाडी होते, ज्याला आर्जिरिया म्हणतात. अमेरिकेत मोंटाना राज्यातून 2002 साली सिनेटची निवडणूक लढवलेल्या एका उमेदवाराची त्वचा अशी निळसर झाली होती, आणि तोही तुमच्यासारखे घरी केलेले द्रावणच पीत असे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1999 सालीच कोलॉइडल सिल्व्हरची डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकली जाणारी औषधे सुरक्षित आणि गुणकारी मानली जात नाहीत, असा नियम केला. शिवाय चांदीमुळे थायरॉक्सिन (थायरॉईडच्या विकारावरचे औषध) आणि काही प्रतिजैविकांचे शोषण घटते. भाजलेल्या जखमेवर लावायच्या मलमात सिल्व्हर सल्फाडायझिन असते हे खरे, पण ते वरून लावायचे, नेमके प्रमाण ठरलेले औषध आहे.

प्रयोगाची हौस असेल तर जरूर करा. द्रावण गडद काचेच्या बाटलीत, ‘पिण्यासाठी नाही’ अशी चिठ्ठी लावून ठेवा. उरलेले थेट मोरीत ओतू नका, कारण चांदी जलचरांना विषारी असते. त्यात मीठ घालून रात्रभर ठेवा, वरचे पाणी हळुवार निथळून घ्या आणि तळाचा पांढरा गाळ वाळवून वेगळ्या डबीत जमा करा.