डब्यात पैसे कमी भरले तर?

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत परिपाठाला रोज सुविचार आणि बोधकथा होते. जोडीला प्रामाणिकपणाचं दुकान सुरू केलं. टेबलावर पेन्सिली, खोडरबर. दुकानदार नाही, पैसे मुलांनीच डब्यात टाकायचे. पहिल्याच महिन्यात ४५ रुपये कमी आले. बंद करावं का?
– एक शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

उत्तर : मॅडम, बंद करू नका. बोधकथा पोरं ऐकून घेतात. डब्यासमोर एकटं उभं राहिल्यावर मात्र स्वतःच ठरवावं लागतं.

तूट म्हणजे चोरीच, असं धरू नका. पुष्कळदा घोळ चिल्लरचा असतो. पोराजवळ दहाची नोट, पेन्सिल पाचची, डब्यात सुट्टे नाहीत. ‘उद्या टाकतो’ म्हणतं आणि विसरतं. म्हणून प्रत्येक वस्तू पाच रुपयांचीच ठेवा. २० पेन्सिली, १० खोडरबर म्हणजे १५० रुपयांचा माल, वर डब्यात पाचची १० नाणी, एकूण २००. शेजारी उधारीची वही दोरीनं बांधून ठेवा. कापूस विकल्याशिवाय घरात पैसा येत नाही, अशा घरच्या पोराला उधारी लिहिता आली पाहिजे.

शनिवारी सकाळच्या शाळेत चौथीच्या दोघांनी हिशेब करावा. उरलेल्या ११ वस्तूंचे ५५, डब्यात १३०, उधारी १५, जुळले २००. कमी भरले तर फक्त आकडा फळ्यावर लिहा. ‘कोणी घेतले?’ हे परिपाठात विचारूच नका. साऱ्यांच्या नजरा लगेच वर्गातल्या सगळ्यात गरीब पोराकडे वळतात, आणि तो घाव लवकर भरत नाही.

तूट स्वतःच्या पदरचे घालून भरू नका, हे फार महत्त्वाचं. १५ रुपये कमी आले तर पुढच्या खेपेला तीन पेन्सिली कमी आणा. रिकामी जागा मुलांना दिसू द्या. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडलेल्या नई तालीमनं, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीनं, हातकामाला शिक्षणाच्या मध्यभागी आणलं, त्यातही हेच बळ होतं : टकळीवर हात हयगयीनं चालला की सूत तुटतं, गुरुजींना रागवावं लागत नाही.

प्रश्न : प्रामाणिकपणासारख्या गुणांना मार्क द्यावेत का?
– एक पालक, वर्धा जिल्हा

उत्तर : नको. मार्क आले की पोरं गुरुजींच्या डोळ्यांपुरतीच चांगली वागतात. वर्णनात्मक नोंदीतही ‘प्रामाणिक आहे’ असा शेरा नको. ‘खोडरबराचे ५ रुपये राहिले होते, तिसऱ्या दिवशी आठवणीनं आणून टाकले’ एवढं लिहायला सरांना सांगा.