चांदीच्या शाईचा रोध उतरत नाही. फ्लॅशचे यंत्र घ्यावे का?

पीईटी या प्लॅस्टिकच्या फिल्मवर छापलेल्या चांदीच्या नॅनोकणांच्या शाईचा रोध ओव्हनमध्ये १३० अंशांवर अर्धा तास ठेवूनही उतरत नाही, तर झेनॉन दिव्याच्या प्रखर झोताने थर क्षणात तापवणारे फ्लॅशचे यंत्र घ्यावे का, असे आपण विचारले आहे. घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी ओव्हनच्या पडद्यावरील आकड्यावर विश्वास ठेवणे सोडावे.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमचा मेम्ब्रेन कीपॅड (पातळ फिल्मवरील बटणे) छापण्याचा लहान कारखाना आहे. ठिबक सिंचनाच्या नियंत्रकाचे सर्किट छापताना हीच अडचण आली, तेव्हा भागीदार असलेल्या माझ्या मावसभावाने तापमान थेट १६० वर नेले. फिल्म आकसली, दुसऱ्या थराची छपाई जुळेना, तरीही शाईच खराब आहे, हे त्याचे पालुपद सुटले नाही. मी फिल्मलाच थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, चिकटवले, तेव्हा पडद्यावर १३० दिसत असताना खालच्या ट्रेमधील फिल्म ११० पर्यंतही पोचलेली नव्हती. शिवाय ओली छपाई एकदम तापवल्यामुळे वरचा पापुद्रा दुधावरील सायीसारखा आधी धरत होता आणि आत अडकलेले द्रावक बाहेर पडताना भेगा पाडत होते. ट्रेमधील अंतर वाढवले, ६० अंशांवर सावकाश सुकवून मगच तापवले, आणि रोध उतरला.

चांदी ९६२ अंशांना वितळते. या कामात काहीच वितळायचे नसते. कणांवरील सेंद्रिय आवरण सुटले की उघडे पृष्ठभाग भिडतात, अणू सरकतात आणि सांधे जाड होत जातात. आवरण सुटले नसेल, तर तास वाढवून उपयोग नाही. मल्टिमीटर वाजला, म्हणजे वीज वाहू लागली, की काम झाले, असे मावसभाऊ आजही म्हणतो. परंतु घन चांदीची रोधकता, म्हणजे आकार वगळून पदार्थाचा स्वतःचा रोध, सुमारे १.६ मायक्रोओहम-सेंटिमीटर असते आणि आपला थर तिच्या किती पट आहे, हे जाडी मोजल्याशिवाय कळत नाही. तांबे स्वस्त पडते, हा त्याचा दुसरा हट्ट. हवेत तापवल्यावर त्याचे ऑक्साइड होते, याचा हिशेब तो धरत नाही.

मात्र आपली छपाई अखंड रोलवर होत असेल किंवा तांबेच वापरायचे असेल, तर फ्लॅशचा विचार जरूर करावा, कारण मिलिसेकंदांत थर तापतो आणि खालची फिल्म बरीच थंड राहते. शाईलाच २०० अंश लागत असतील, तर ओव्हनसाठी पीईटी सोडून जास्त उष्णता सोसणारे पॉलिइमाइड घ्यावे लागेल.