'सर्व माध्यमांतील' या दोन शब्दांबद्दल

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि कराराची झेरॉक्स दोन्ही मिळाली. पहिल्याच कादंबरीला प्रकाशक मिळाला, फार आनंद वाटला. पण पत्राच्या शेवटी तू विचारलं आहेस की गाण्यांच्या धंद्याचं जे झालं तेच पुस्तकांचं होणार असेल, तर इतकी वर्षं घालून लिहायचं कशासाठी? या प्रश्नाने मला दोन रात्री झोप लागू दिली नाही. कारण गाण्यांचं काय झालं ते मी अगदी जवळून पाहिलं आहे.

पुस्तकांच्या जगात येण्याआधी मी पुण्यात एका कॅसेटच्या दुकानात सहा वर्षं नोकरी केली, हे तुला कदाचित माहीत नसेल. कॅसेट स्वस्त झाल्याचा तो काळ. गुलशनकुमारांच्या टी-सीरिजने कॅसेट पानाच्या टपरीपर्यंत नेली होती. ज्यांना रेकॉर्ड कंपन्यांच्या दारात कुणी उभं केलं नव्हतं, त्यांचा आवाज बाजारात येऊ लागला. भीमगीतं, कोळीगीतं, देवीची गाणी, गावोगावच्या कीर्तनकारांची कीर्तनं. जत्रेच्या आदल्या आठवड्यात खोकीच्या खोकी जायची.

एके दिवशी दुपारी एक गृहस्थ आले. धोतर, डोक्याला टोपी, हातात कापडी पिशवी. काचेखाली बोट दाखवून म्हणाले, "ती द्या." देवीच्या गाण्यांची कॅसेट होती. मी काढून दिली. त्यांनी ती उलटी केली, आतला कागद अलगद बाहेर काढला, खिशातून चष्मा काढून वाचला आणि परत घडी मोडू न देता आत सरकवला. मग अठरा रुपये मोजून काचेवर ठेवले, त्यातली बरीचशी चिल्लर. जाताना म्हणाले, "माझीच आहे. घरी एक पण नव्हती." आठ गाणी, शब्द त्यांचे, चाली त्यांच्या, आवाज त्यांचा. त्यांना एकरकमी दीड हजार मिळाले होते आणि एका कागदावर त्यांनी सही केली होती. ती कॅसेट त्या मोसमात आमच्या एका दुकानातून किती गेली ते मला ठाऊक होतं, कारण हिशेबाची वही मीच लिहायचो. मी त्यांना चहा पाजला. अठरा रुपये परत द्यायला हवे होते, ते मला त्या क्षणी सुचलं नाही.

तुझ्या मित्रांनी तुला सांगितलं ते असं असणार: गाणी फुकट झाली, मग धंदा बुडाला, मग स्ट्रीमिंग (गाणं विकत न घेता इंटरनेटवरून थेट ऐकणं) आलं आणि कलाकाराच्या हाती पैसे यायचे राहिले. यातलं बरंच खरं आहे. १९९९ साली नॅपस्टर, म्हणजे इंटरनेटवरून एकमेकांची गाणी फुकट उतरवून घेण्याची सोय, आलं, २००१ मध्ये कोर्टाच्या आदेशापुढे ते बंद पडलं, पण फुकट ऐकायची सवय बंद पडली नाही. २००३ मध्ये अ‍ॅपलच्या आयट्यून्स या ऑनलाइन दुकानाने एकेक गाणं सुटं विकायला काढलं आणि अल्बम मोडला. जगभरची रेकॉर्डिंगची कमाई १९९९ च्या शिखरावरून २०१४ पर्यंत सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरली. मुंबईत काळा घोड्याजवळचं ऱ्हिदम हाउस हे गाण्यांचं जुनं दुकान २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. रिकाम्या होत चाललेल्या कप्प्यांसमोर लोक नुसते उभे होते.

पण गोष्ट तिथे संपत नाही, आणि पुढची बाजू तुला कुणी सांगितलेली दिसत नाही. कमाई पुन्हा वर आली. २०२१ पर्यंत ती १९९९ च्या आकड्यापुढे गेली (महागाई धरली तर नाही, हेही लक्षात ठेव). वर आली ती कुणाकडे? ज्यांच्या कपाटात जुन्या करारांचे कागद होते त्यांच्याकडे. आपल्याकडचं उदाहरण घे. पूर्वीची ग्रामोफोन कंपनी म्हणजे आजची सारेगामा. त्यांनी २०१७ मध्ये 'कारवां' नावाचा रेडिओसारखा दिसणारा डबा काढला, आत पाच हजार जुनी गाणी भरलेली. आजीआजोबांना भेट म्हणून घरोघरी गेला. तीच गाणी आधी तबकडीवर विकली गेली होती, मग कॅसेटवर, मग सीडीवर, मग मोबाइलच्या रिंगटोनमध्ये, आता स्ट्रीमिंगवर. माध्यम इतक्या वेळा बदललं, कागद मात्र तोच राहिला. दुकानं गेली, टेपरेकॉर्डर भंगारात गेले, आणि एका पानाचा करार पन्नास पन्नास वर्षं कमावत राहिला.

म्हणून तुझा करार मी तीनदा वाचला. तिसऱ्या पानावर सातवं कलम आहे: 'लेखक आपल्या कृतीचे सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकास देत आहे.' छापील प्रतीवर दहा टक्के मानधन लिहिलं आहे. ई-बुकवर किती, ऑडिओबुकवर किती, भाषांतराचे पैसे कसे वाटायचे, मालिका किंवा चित्रपट झाला तर काय, यावर अवाक्षर नाही. तुझे प्रकाशक भले गृहस्थ आहेत, त्यांनी कुणीतरी कधीकाळी टाइप केलेला नमुना तसाच पुढे चालवला असणार. तरीही 'सर्व माध्यमांतील' हे शब्द वाचताना मला तो अठरा रुपये मोजणारा हात दिसला.

आता कायद्याचं ऐक, आणि हा भाग दोनदा वाच. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. २०१२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली, आणि ती मुख्यतः गाण्यांच्या लोकांनी लढून मिळवली. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी हा विषय लावून धरला. चित्रपटाच्या गाण्यांचे गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीच्या वाट्यावर आता पाणी सोडता येत नाही, सही करून दिली तरीसुद्धा. पण त्याच दुरुस्तीत एक वाक्य सगळ्याच लेखकांसाठी आलं आहे: करार करताना जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यवहारात नव्हतं, त्याचा नावानिशी उल्लेख केलेला नसेल, तर त्या माध्यमाचे हक्क त्या कराराने जात नाहीत. म्हणजे उद्या जे येईल त्यापासून कायद्याने तुला थोडं पांघरूण दिलं आहे. ई-बुक आणि ऑडिओबुक मात्र आज आहेत. त्यांच्यासाठी ते पांघरूण नाही. तिथे 'सर्व माध्यमांतील' म्हटलं की गेलं.

आणखी एक. करारात मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल, तर भारत धरतो. लिहायचं राहून गेलेलं कधीकधी लेखकाच्या फायद्याचं असतं, आणि 'कायमस्वरूपी' हा एक शब्द तो फायदा पुसून टाकतो. लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षं कॉपीराइट चालतो. तू आज सव्वीस वर्षांची आहेस. कायमस्वरूपी म्हणजे किती, याचा हिशेब तूच कर.

अमेरिकेत २००१ मध्ये, नॅपस्टर बंद पडलं त्याच वर्षी, न्यू यॉर्कच्या कोर्टात रँडम हाउस ही बलाढ्य प्रकाशनसंस्था आणि रोझेटा बुक्स नावाची छोटी ई-बुक कंपनी समोरासमोर आली. जुन्या करारांत लेखकांनी 'पुस्तकरूपाने' छापण्याचे, प्रकाशित करण्याचे आणि विकण्याचे हक्क दिले होते. त्यात ई-बुक येतं का? येत नाही, असं मानून न्यायाधीशांनी रोझेटाला थांबवायला नकार दिला. कर्ट व्हॉनेगटसारख्या लेखकांची पुस्तकं त्यात होती. एका शब्दाच्या मर्यादेने त्यांना वाचवलं. तुझ्या कराराला तशी मर्यादा घाल.

गाणं आणि पुस्तक हुबेहूब एका वाटेने जातील असं मात्र मानू नकोस. एकच गाणं माणूस आयुष्यात शंभरदा ऐकतो, भाजी निवडताना ऐकतो, गाडी चालवताना ऐकतो. तुझी कादंबरी तो बहुधा एकदा वाचेल, आणि वाचताना दुसरं काही करू शकणार नाही. गाण्यासारखी एकेक ऐकण्यामागे चिमूटभर पैसे अशी रीत पुस्तकाला म्हणूनच मानवत नाही. शिवाय कादंबरीचं तेरावं प्रकरण सुटं कोण विकत घेईल? छापील पुस्तक कॅसेटसारखं गडप झालं नाही, यामागे हेही कारण आहे. पुस्तकाला वाजवायला यंत्र लागत नाही.

पैसे कशावर मोजतात त्याने लिखाणाचा आकार बदलतो, याची मात्र मला खरी काळजी वाटते. जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणून तासभर फुलणारा ख्याल आपल्या थोर गवयांनी तेवढ्यात बसवला. आज स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक ऐकणं मोजतात, म्हणून गाण्याच्या सुरुवातीचं संगीत आखडत चाललं आहे. अ‍ॅमेझॉनच्या किंडल अनलिमिटेडमध्ये (ठरावीक वर्गणीत हवी तेवढी ई-बुकं वाचण्याची योजना) आधी पुस्तकाचा दहा टक्के भाग वाचला की पूर्ण पैसे मिळत, तेव्हा लोकांनी छोट्या छोट्या पुस्तिका काढल्या. जुलै २०१५ पासून वाचलेल्या पानांवर पैसे मिळू लागले, तशी पुस्तकं फुगली. कथांच्या अ‍ॅपवर तू क्रमशः लिहितेस, त्यात वाईट काही नाही, रियाज होतो. पण दर भागाच्या शेवटी दार वाजलंच पाहिजे, अशी सवय कादंबरीत शिरू देऊ नकोस. तुझ्या हस्तलिखिताच्या नवव्या प्रकरणात आई नुसती तांदूळ निवडत बसते आणि काहीच घडत नाही. ते तुझं सगळ्यात चांगलं प्रकरण आहे.

गायकाला मैफल असते, लेखकाला काय असतं, असंही तू विचारलं आहेस. ६ डिसेंबरला दादरला जा. चैत्यभूमीला आलेली माणसं शिवाजी पार्कात पुस्तकांच्या स्टॉलसमोर उभी असतात, कुणी रात्रभर रेल्वेने आलेलं, कुणी परतीच्या भाड्याचे पैसे वेगळे बांधून ठेवलेलं, आणि पुस्तकं निवडून निवडून पिशवीत भरतात. त्याच मैदानात मी कॅसेटच्या थप्प्या पाहिल्या आहेत. त्या आता दिसत नाहीत. पुस्तकांचे स्टॉल आहेत. एक अख्खा दिवस तिथे कुणाच्या तरी स्टॉलवर उभी राहा, विकायला मदत कर, लोक पुस्तक हातात घेऊन आधी कुठलं पान उघडतात ते बघ. ज्यांनी तुझं पुस्तक घेतलं त्यांची नावं आणि गावं एका वहीत लिहून ठेव. स्ट्रीमिंगवर कुणी ऐकलं ते गायकाला कळत नाही, ती यादी कंपनीकडे असते. तुझ्या वाचकांची यादी तुझ्याकडे असू दे.

सातव्या कलमात मी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. 'सर्व माध्यमांतील' खोडून 'मराठी भाषेतील छापील आवृत्ती' असं लिहिलं आहे. ई-बुक आणि ऑडिओबुक वेगळ्या ओळींत, प्रत्येकाची टक्केवारी वेगळी, आणि ठरलेल्या दिवसांत काढलं नाही तर हक्क तुझ्याकडे परत. भाषांतर आणि दृश्य माध्यम तुझ्याकडेच. यंत्राला (एआयला) शिकवण्यासाठी मजकूर द्यायचा असेल, तर तुझ्या लेखी परवानगीशिवाय नाही, अशी एक ओळ घातली आहे. 'कायमस्वरूपी'च्या जागी पाच वर्षं. आणि वर्षातून एकदा हिशेबाचा कागद, किती छापल्या, किती विकल्या, किती शिल्लक.

प्रकाशकांना फोन करायचा धीर होत नाही असं तू लिहिलं आहेस. पहिलं पुस्तक हातचं जाईल अशी भीती सगळ्यांनाच वाटते, मलाही वाटली होती. फोन करू नकोस, समक्ष जा. सकाळी अकराच्या सुमारास ते निवांत असतात. हा पेन्सिलीचा कागद समोर ठेव आणि म्हण, 'काका, यावर बोलायचं आहे.' माझ्या अनुभवात बहुतेक प्रकाशक अशा वेळी खुर्ची पुढे ओढतात आणि बोलतात. नाहीच बोलले, तर सही न करता परत ये आणि मला कळव. मी गुरुवारपर्यंत घरीच आहे.

तुझा,
काका