खेड्यात एचआयव्ही चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर अनेक जण उपचाराला पोहोचतच नाहीत. काय करता येईल?

मोठ्या दवाखान्याच्या नावाने नुसती चिठ्ठी देण्याऐवजी सोबत माणूस द्या. घडी घालून खिशात ठेवलेली चिठ्ठी बहुतेकदा खिशातच राहते. मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार, आणि रांगेत कोणी ओळखीचं भेटलं तर? (माझ्या मते ही धास्ती पैशांपेक्षा भारी पडते.) स्वतः एचआयव्हीसह जगणारं, रोज गोळ्या घेऊन ठणठणीत असलेलं कुणी पहिल्या खेपेला बरोबर गेलं, की निम्मी भीती तिथेच जाते. पण फोन कुठल्या नंबरवर करायचा, घरी आलेलं चालेल का, हे आधी त्या व्यक्तीलाच विचारा. दारात उभी राहिलेली दवाखान्याची गाडी सगळं बिघडवू शकते.

आणि ताटकळत ठेवू नका. पूर्वी सीडी४ पेशी (रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी; एचआयव्ही त्याच कमी करतो) ठरावीक आकड्याखाली येईपर्यंत गोळ्या सुरू करत नसत. २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस सगळ्यांनाच उपचार द्या अशी आहे. २०१७ पासून तर निदानानंतर ७ दिवसांच्या आत, तयारी असेल तर त्याच दिवशी. मेंदूज्वराची लक्षणं असतील तर मात्र आधी तपासणी. पुढे तब्येत स्थिरावली की ३ ते ६ महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात, हेलपाटे वाचतात.