गंजलेला पत्रा, पोपडे आलेली भिंत असा इफेक्ट छोट्या पेंटिंगमध्ये कसा आणायचा?

नुसत्या ब्राउन रंगाने गंज रंगवत बसू नका, खरा गंजच चढवा, तो रंग ट्यूबमधून येतच नाही. ६ बाय ६ इंचाचा एमडीएफ बोर्ड घ्या, कॅनव्हास नको कारण तो वाकला की जाड थर तडकून पडतो. आधी दोन हात जेसो (रंगाआधी लावायचा पांढरा प्रायमर), मग टेक्स्चर पेस्ट (खडबडीत जाड थर देणारी पेस्ट) पॅलेट नाइफने ओबडधोबड लावायची आणि ओली असतानाच लेथवाल्याकडून आणलेला लोखंडाचा चुरा त्यावर भुरभुरवून हलकेच दाबायचा (स्टेनलेस स्टीलचा नको, तो असा गंजणार नाही). पूर्ण वाळलं की व्हिनेगरमध्ये चिमूटभर मीठ घालून स्प्रे करा, खिडकीपाशी ठेवा, वाळलं की परत स्प्रे. आधी पिवळट केशरी डाग उठतात मग कडांना गडद तपकिरी होत जातं, ते बघायला इतकं भारी वाटतं की काय सांगू!

पोपड्यांसाठी फेविकॉलचा जाड थर द्या आणि तो चिकट असतानाच वरून ॲक्रिलिक रंग मारा, वाळताना आपोआप भेगा पडतात. पिंपळाचं जाळीदार पान मॅट मीडियमने (चमक नसलेलं, गोंदासारखं ॲक्रिलिक माध्यम) चिकटवलं तर फारच छान दिसतं.

आणि कोपरा न् कोपरा भरू नका प्लीज, एखादा भाग कोराच राहू दे. शेवटी मॅट वार्निश मारा, नाहीतर गंजाची पूड हाताला लागत राहते.