टाके वाढतायत, कडा वळतायत, आणि क्लासच्या बाई म्हणतात "हात बसला की होईल"

तुमची पोस्ट वाचली आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. ४० टाक्यांवर सुरू केलेला मफलर वीतभर होईस्तोवर ४७ टाक्यांवर गेला, दोन्ही कडा आत गुंडाळतात, मधे नको तिथे भोकं पडलीयेत, क्लासच्या बाई म्हणतात "हात बसला की होईल", आणि आता त्याच क्लासच्या पुढच्या बॅचची फी भरावी का, असा तुमचा प्रश्न. वर जानेवारीत बहिणीच्या बाळासाठी टोपडं विणायचंय. टोपडं सोडलं तर बाकी सगळं माझ्याच घरात घडलेलं आहे.

डिस्क्लेमर आधीच देते. मी विणकाम शिकवत नाही, कुठल्या क्लासशी किंवा लोकरीच्या दुकानाशी माझं देणंघेणं नाही. बरीच वर्षं विणतेय, एवढंच. टाके घालणं, सुलट, उलट, टाके बंद करणं हे तुम्हाला येतंय असं धरून चालते. खालचं सगळं हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत), आणि थोडी भडासही निघणार आहे, ती गोड मानून घ्या.

कडांचं पटकन उरकते. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं विणलं की ते वळणारच. बाजूच्या कडा मागे वळतात, खालची आणि वरची कड पुढे येते. यात तुमच्या हाताचा दोष काही नाही, त्या विणीचा स्वभावच तो. इस्त्रीने सरळ होईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. फोटोवरून तुमची लोकर अ‍ॅक्रिलिकची वाटतेय (बाजारात लोकर म्हणून मिळते त्यातली बरीचशी अ‍ॅक्रिलिकच असते), गरम इस्त्री लागली की ती लुळी पडते आणि परत पहिल्यासारखी होत नाही. मफलरच्या दोन्ही बाजूंचे पाच-पाच टाके प्रत्येक ओळीत सुलटच विणा, सुरुवातीच्या आणि शेवटच्या आठ-दहा ओळी पूर्ण सुलट. किंवा सरळ साबुदाण्याचं डिझाइन घ्या: एक सुलट एक उलट, आणि पुढच्या ओळीत जो टाका सुलट दिसतो तो उलट विणायचा, उलट दिसतो तो सुलट. दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं, कडा वळत नाहीत. मफलरला तेच बरं. नवख्या मुलीच्या हातात साध्या सुलट-उलटचा मफलर देणाऱ्या बाईंना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही, पण त्यावर येतेच.

टाके वाढायची आणि नको तिथे भोकं पडायची बहुतेक वेळा तीनच कारणं असतात. एक, ओळ सुरू करताना धागा सुईवरून मागे ओढला जातो, त्याने पहिला टाका वर खेचला जाऊन त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसतात आणि आपण दोन्ही विणून मोकळे होतो. टाके कडेला वाढत असतील तर कारण हेच. दोन, सुलट विणताना धागा चुकून पुढे येतो, किंवा उलट टाक्यानंतर तो मागे न्यायचा राहतो. मग सुईवर एक फुकटचा वेढा बसतो, पुढच्या ओळीत तो टाका म्हणून विणला जातो आणि त्याच्याखाली भोक राहतं. जाळीचं डिझाइन मुद्दाम असंच करतात, तुमचं बिनमागता झालंय. तीन, ओळ अर्धी टाकून दार उघडायला उठायचं आणि परत आल्यावर उलट्या दिशेने सुरू करायचं. शक्यतो ओळ संपवूनच उठा. नाहीच जमलं तर गुंड्याकडे जाणारा धागा ज्या सुईवरून निघतो ती सुई उजव्या हातात धरून पुढे विणा. आणि दर दोन-चार ओळींनी टाके मोजा. कंटाळवाणं आहे, पण ४१ वर पकडलेली चूक दोन मिनिटांत सुटते, ४७ वर पकडलेली नाही.

आता मुख्य मुद्दा. मीही क्लासला गेले होते. नाव लिहिणार नाही, व्यनि (खाजगी निरोप) करूनही विचारू नका. शहरात बऱ्यापैकी नाव असलेली जुनी संस्था, भिंतीवर विद्यार्थिनींच्या स्वेटरांचे फोटो. फी आगाऊ, आणि साहित्य त्यांच्याकडूनच घ्यायचं: १२ नंबरच्या धातूच्या सुया आणि गडद नेव्ही ब्लू लोकर. नवशिक्याला देऊ नयेत त्या दोन्ही वस्तू एकाच पिशवीत. बारीक सुईवर टाके इवलेसे, गडद रंगात ते दिसत नाहीत, आणि धातूवरून सटासट निसटतात. हीच लोकर का, असं विचारलं तर उत्तर, "शाळेच्या स्वेटरला हाच रंग लागतो."

तेही चालवून घेतलं असतं. खरी वाट लावली ती शिकवण्याच्या पद्धतीने. कुणाचं काही चुकलं की बाई विणकाम हातातून काढून घ्यायच्या, खाली मान घालून दोन मिनिटं काहीतरी करायच्या आणि परत द्यायच्या. "हं, विणा पुढे." काय चुकलं, कुठे चुकलं, कसं निस्तरलं, अवाक्षर नाही. खोदून विचारलं तर "ते आत्ता नाही कळायचं तुम्हाला." याचा अर्थ असा की घरी एक टाका गळला की पुढच्या क्लासपर्यंत पिशवी खुंटीला. वर्गात सगळ्यांची कामं सुबक दिसायची आणि घरी एकीलाही चार ओळी धड विणता यायच्या नाहीत. वर्षअखेरच्या प्रदर्शनात मांडलेलं निम्मं काम बाईंच्याच हातचं होतं असं म्हटलं तर कुणी रागावू नये.

मी मुलाचा स्वेटर विणत होते. दिसायला छान झाला, फक्त गळा डोक्यातून जाईना. बाईंनी पाहिलं आणि निदान केलं, "मुलाचं डोकं मोठं आहे." अहो, डॉक्टर दर वेळी टेपने मोजून सगळं व्यवस्थित म्हणत होते! गळा उसवून त्यांनीच तो पुन्हा करून दिला, पण मी विणलेल्या बाह्यांच्या बॉर्डरचं तेच, मनगट आत जाईना. मग ऑफिसात गेले, म्हटलं बॅच बदलून द्या नाहीतर उरलेली फी परत द्या. तिथे अर्ज लिहा. अर्जावर बाईंची सही आणा. बाईंनी सही केली तर आता विश्वस्तांची लागेल. विश्वस्त कधी येतात? "तसं काही ठरलेलं नसतं." शेवटी हातात पडलं ते प्रमाणपत्र, लॅमिनेट केलेलं. पैसे गेले ते गेलेच.

कारण कळलं शेजारणीकडून. त्या मूळच्या हिमाचलच्या, यजमानांच्या नोकरीमुळे आमच्या सोसायटीत राहायला आलेल्या. टीव्ही बघत विणतात, सुईकडे नजरही जात नाही. त्यांनी माझी बॉर्डर दोन्ही हातांनी ताणून पाहिली आणि म्हणाल्या, यातला एकूणएक टाका पिळलेला आहे.

हे जरा सावकाश वाचा. सुईवर बसलेल्या प्रत्येक टाक्याला दोन पाय असतात, एक सुईच्या पुढून, एक मागून. टाका नेहमीच्या पद्धतीने बसलेला असेल तर पुढचा पाय सुईच्या टोकाच्या बाजूला असतो आणि सुलट विणताना सुई त्यातूनच घालायची असते. उलट टाका विणताना धागा सुईच्या वरून खाली असा फिरवला तर टाका असा बसतो. पण धागा खालून ओढून घेतला (ते सोपं पडतं, त्यामुळे कितीतरी जणी तसंच करतात) तर टाका फिरून बसतो आणि टोकाच्या बाजूचा पाय मागे जातो. आता पुढच्या ओळीत सवयीने पुढच्याच पायातून विणलं की टाक्याला बुडाशी पीळ पडतो. पिळलेला टाका घट्ट असतो, ताणला जात नाही. बॉर्डरचं तर कामच ताणलं जाण्याचं. त्यात टाके बंद करताना एखाद-दुसऱ्या नंबरने जाड सुई घ्यावी, म्हणजे गळ्याची कड आवळत नाही, हेही वर्गात कधी कुणाच्या तोंडून निघालं नाही. मोठ्या डोक्याची गोष्ट इथे संपली.

गंमत म्हणजे या शेजारीणबाई स्वतः धागा खालूनच ओढतात! फक्त पुढच्या ओळीत त्या टाका मागच्या पायातून घेतात, म्हणजे टोकाकडे जो पाय आहे त्यातून. त्यांचा एकही टाका पिळत नाही. तेव्हा तुमची उलट विणायची पद्धत चुकीची आहे असं कुणी म्हणालं तर लगेच बदलू नका. कुठला पाय टोकाकडे आहे ते बघायचं आणि त्यातून सुई घालायची, मग धागा कसाही घ्या. विणलेल्या भागात ओळखायचं तर सुलट बाजूचे टाके जवळून बघा. दोन पाय खाली शेजारी शेजारी टेकलेले दिसले तर ठीक, एकमेकांना ओलांडून गेलेले दिसले तर पीळ आहे.

माझा राग आजही शमलेला नाही तो याच्यासाठी. बाई माझं विणकाम घेऊन ती ओळ नीट करून द्यायच्या, म्हणजे त्यांना पीळ दिसत होता. "टोकाकडचा पाय बघा" एवढं एक वाक्य सांगायला काय जात होतं?

म्हणून माझं मत (पटलं तर घ्या): सुरुवातीला डिझाइनच्या नादी लागू नका, उसवायला आणि दुरुस्त करायला शिका. फिक्या रंगाची, जराशी जाड लोकर आणि ८ नंबरच्या बांबूच्या सुया घ्या. ३० टाके घालून चार बोटं विणा. मग मुद्दाम मधला एक टाका सुईवरून सोडा आणि चार-पाच ओळी खाली घसरू द्या. जीव वरखाली होईल, होऊ द्या. खाली जे आडवे धागे दिसतील ते क्रोशाच्या सुईने एकामागून एक त्या टाक्यातून ओढत वर या. हे एकदा जमलं की टाका गळण्याची धास्ती संपते. मग एकेक टाका मागे उसवत जाणं, आणि त्यानंतर सुई पूर्ण काढून दोन ओळी उसवून टाके परत सुईवर घेणं, अर्थात पाय बघत.

अवघड भाग सुरू करण्याआधी एक काम करा. रफूच्या मोठ्या सुईत वेगळ्या रंगाचा पातळ सुती दोरा घेऊन तो सुईवरच्या सगळ्या टाक्यांमधून ओवून ठेवा. पुढे काहीही बिघडलं तरी उसवणं त्या दोऱ्याशी येऊन थांबतं. उसवलेली लोकर कुरळी झाली तर लडी करून चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा, न पिळता टांगा. आमच्या आया लहान झालेला स्वेटर उसवून असंच करायच्या आणि त्यातून धाकट्याचा निघायचा.

इथल्या काही जणी म्हणतील की क्लासशिवाय शिस्त लागत नाही. असेलही, चांगल्या शिकवणाऱ्याही असतातच, त्यांच्याबद्दल हे नाही. फी भरण्याआधी फक्त एवढं विचारा: "गळलेला टाका मला माझ्या हाताने उचलायला शिकवाल का?" "मी करून देते ना" असं उत्तर आलं तर पैसे ठेवा आणि लोकर घ्या.

अवांतर, पण महत्त्वाचं: सुयांचे नंबर. आपल्याकडच्या सुयांवर, पोनी वगैरे कंपन्यांच्या, जुने ब्रिटिश नंबर चालतात. आकडा मोठा तेवढी सुई बारीक. ८ म्हणजे ४ मिमी, १० म्हणजे ३.२५ मिमी. अमेरिकन नंबर याच्या बरोबर उलटे, तिथली ८ नंबर म्हणजे ५ मिमी. रॅव्हलरीवर (विणकामाची वेबसाइट) फुकट पॅटर्न पुष्कळ आहेत, त्यातले बरेच अमेरिकन हिशेबाने लिहिलेले. नंबराकडे बघूच नका, मिलिमीटर बघा. आणि विणून पैसे वाचतील हा भ्रम असेल तर तोही सोडा. हिवाळ्यात तिबेटी लोकांच्या स्टॉलवर लोकरीच्या किमतीत आख्खा स्वेटर मिळतो.

टोपड्याचं. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंमी असतो, टोपडं थोडं ताणून बसायला हवं म्हणून ३२ धरा. आधी नमुना विणून १० सेंमीत किती टाके बसतात ते मोजा. २२ बसले तर ७० टाके पुरतात, शिवणीसाठी दोन जास्त घाला. तुमच्या हातात २० बसत असतील तर तेच ७० टाके ३५ सेंमी भरतील आणि टोपडं बाळाच्या डोळ्यांवर येईल. नमुना न विणता थेट सुरुवात करू नका म्हणतात ते यासाठी. लोकर मऊ आणि धुता येणारी, केसाळ अजिबात नको. बंद, मणी, गोंडे कितीही गोड दिसले तरी लावू नका. दोन गुंडे लागणार असतील तर लेबलवरचा लॉट नंबर (एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा) एकच आहे ना ते दुकानातच बघा, शेड नंबर तोच असून लॉट वेगळा निघाला की रंगाचा पट्टा दिसतो.

पुढचा फोटो टाकाल तेव्हा आख्ख्या मफलरचा नको. सुईवरच्या टाक्यांचा जवळून एक आणि विणलेल्याच्या मागच्या बाजूचा एक, दिवसाउजेडी काढलेला. टाके पिळलेत की नाही ते त्यावरून लगेच सांगता येईल. क्लासने तुम्हालाही नेव्ही ब्लूच दिली असेल तर मात्र आधी दुसरी लोकर आणा, त्या रंगात मला काहीही दिसायचं नाही.